पंधरावं लागलं म्हणजे पंधरा पूर्ण झाली नाहीत: गोरिला ट्रेकिंगची वयाची अट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थोरल्याला पंधरावं चालू आहे, पासपोर्टवर जन्मतारीख ९ जून. धाकटी अकरा वर्षांची. सोबत सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. २० मेच्या आसपास युगांडात बुहोमाला (ब्विंडी उद्यानाच्या एका प्रवेशद्वाराशी) गोरिला पाहायचा बेत आहे. एजंट म्हणतो की मुलगा उंच आहे, लशी पूर्ण झाल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडलं तर चालून जाईल. तर चालेल का, आणि धाकटीचं काय करायचं?

ताई, नाही चालणार. पत्रानेही नाही आणि उंचीनेही नाही. ज्या दिवशी जंगलात शिरायचं त्या दिवशी पासपोर्टप्रमाणे १५ वर्षं पूर्ण हवीत. युगांडातल्या ब्विंडी आणि म्गाहिंगा या दोन्ही उद्यानांत हाच नियम आहे, रवांडाच्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात हाच आणि काँगोच्या विरुंगातही हाच. (पूर्व काँगोतली सध्याची परिस्थिती पाहता तिकडे मी कुणालाच नेत नाही, तो विषय सोडा.) एका देशात नाही जमलं तर शेजारच्या देशात जमवू, अशी सोय इथे नाही.

आपल्याकडे वय सांगायची जी पद्धत आहे तिने या बाबतीत फार घोळ होतो. आपण चालू वर्ष सांगतो. ‘पंधरावं लागलं’ म्हणजे खरं तर चौदा पूर्ण झाली. घरात, लग्नाच्या बोलणीत, शाळेच्या दाखल्यात आपल्याला ते बरोबर कळतं. पण परमिटच्या, म्हणजे गोरिला पाहायच्या परवान्याच्या, अर्जात वयाचा रकाना आला की आई ‘१५’ लिहून मोकळी होते. ती खोटं बोलत नसते, मराठीत मोजत असते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळून सांगतोय. मी सहली न्यायला लागलो, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ठाण्याचं एक चौकोनी कुटुंब होतं, रवांडाची सहल. फॉर्मवर मुलीचं वय १५ लिहिलेलं. पासपोर्टची प्रत माझ्याकडे होती, क्रमांक उतरवून घेतला, जन्मतारीख वाचली नाही. परमिट निघालं. परमिट नाव आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं, ते काढताना माझ्यासाठी वजाबाकी कुणी केली नाही. ती केली किनिगीच्या उद्यान कार्यालयात, सकाळी सातला, रेंजरने. चौदा वर्षं दहा महिने. त्याने पासपोर्ट अगदी सौजन्याने परत दिला आणि मान हलवली. विनवण्या झाल्या, वडिलांचा आवाज चढला, मग उतरला. परमिटचे पैसे परत मिळाले नाहीत. ते मी भरून दिले, कारण चूक माझी होती. आईवडील आणि भाऊ गेले, मी मुलीबरोबर मागे थांबलो. हिरवळीवर बसून आम्ही भाकरवडी खाल्ली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, दोन महिन्यांत माझ्यात असं काय बदलणार आहे?”

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं की काहीच बदलणार नाही. पंधराव्या वाढदिवशी शरीरात कुठलं बटण दाबलं जात नाही. पण रेषा कुठेतरी ओढावी लागते, आणि ती रेंजरच्या अंदाजावर सोडली तर रोज सकाळी त्या हिरवळीवर बाजार भरेल. म्हणून तारीख. आता ही रेषा मुळात ओढलीच का, ते जरा सविस्तर सांगतो. कारण बहुतेक पालकांना वाटतं की गोरिला मुलाला काही करेल म्हणून हा नियम आहे. मुख्य कारण बरोबर उलटं आहे. आपलं मूल गोरिलाला काही करेल, ही भीती आहे.

माणूस आणि गोरिला यांचा जनुकीय आराखडा सुमारे ९८ टक्के सारखा. त्यामुळे आपले बरेचसे आजार त्यांना होतात, पण आपल्याकडची प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे नाही. पिढ्यानपिढ्या ते या विषाणूंच्या वाटेलाच गेलेले नाहीत. १९८८ मध्ये रवांडाच्या बाजूला श्वसनाच्या आजाराची साथ आली आणि सहा गोरिला दगावले. गोवराचा संशय होता, आणि तेव्हा पशुवैद्यांनी जंगलातल्या गोरिलांना गोवराची लस टोचली होती. १९९६ मध्ये ब्विंडीत एका कुटुंबाला खरूज झाली, एक पिल्लू गेलं, बाकीचे औषधाने वाचले. ती जंगलालगतच्या वस्तीतून, बहुधा कपड्यांतून आली असावी असा निष्कर्ष निघाला. त्या साथीवर काम करणाऱ्या युगांडाच्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे माणसांचं आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र पाहणारी संस्थाच काढली. २००९ मध्ये रवांडातल्या हिरवा नावाच्या कुटुंबात (हे नाव आहे, रंग नव्हे) पुन्हा श्वसनाचा आजार पसरला. एक मादी आणि एक पिल्लू मेलं, आणि तपासात माणसात आढळणारा मेटान्यूमोव्हायरस सापडला. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञाला विचारलंत तर तो सांगेल, हा लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याचा अगदी नेहमीचा विषाणू आहे.

चिंपांझींचं एक उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. युगांडातल्याच किबाले जंगलात २०१३ मध्ये कान्यावारा इथल्या ५६ चिंपांझींच्या गटात साथ आली, पाच मेले. विषाणू निघाला ऱ्हायनोव्हायरस सी. ऱ्हायनोव्हायरस म्हणजे साधं पडसं. शाळेतून पोरं घरी आणतात ते.

आता डॉक्टरांच्या पत्राचा मुद्दा तुमच्याच लक्षात येईल. गोवर, कांजिण्या, गालगुंड यांच्या लशी तुमच्या मुलाने घेतल्या असतील, चांगलंच आहे. पण साध्या सर्दीवर लस नाही. लहान मुलांना वर्षातून अनेकदा सर्दी होते, ती बरी झाल्यावरही त्यांच्या नाकातून विषाणू काही दिवस बाहेर पडत राहतो, आणि कित्येकदा मूल दिसायला ठणठणीत असतं. पंधरापर्यंत बहुतेक बालआजार होऊन गेलेले असतात, सर्दीचं प्रमाण कमी होतं. आणि खोकला आला तर तोंड फिरवून कोपरात खोकायचं, मास्क नाकाखाली ओढायचा नाही, हे सांगितलेलं समजतं. समजतं म्हणजे पाळतातच असं नाही. चाळिशीतले काकाही मास्क हनुवटीवर ठेवून फोटो काढतात. पण अपेक्षा तरी करता येते.

तुम्ही म्हणाल, दहा मीटरचं अंतर ठेवतातच ना? कागदावर ठेवतात. पण ते अंतर पाळणारे दोघे असतात, आणि त्यातल्या एकाला नियम माहीत नसतो. तीन-चार वर्षांचं गोरिलाचं पिल्लू म्हणजे नुसतं कुतूहल. ते सरळ चालत तुमच्या बुटापर्यंत येतं. मागे जायला दाट झाडी आणि घसरडा उतार. इन्स्टाग्रामवर पर्यटकांनी टाकलेल्या ८५८ फोटोंचा अभ्यास झाला होता, त्यातल्या ८६ टक्के फोटोंत माणूस आणि गोरिला यांच्यात चार मीटरसुद्धा अंतर नव्हतं. तेव्हाचा नियम सात मीटरचा होता. तेव्हा अंतरावर विसंबून वयाची अट सैल करणं उद्यानांना परवडणारं नाही.

आणि हे प्राणी आहेतच किती! २०१८ च्या सुमारास जुळलेल्या गणतीत जगभरातले पर्वतीय गोरिला १,०६३. विरुंगा पर्वतरांगेत ६०४ आणि ब्विंडी व लगतच्या जंगलात ४५९. आपल्याकडे एखाद्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात पर्वतीय गोरिला नाही. तिथे दिसतात ते सखल प्रदेशातले वेगळे गोरिला. मादीला साधारण चार वर्षांतून एकदा पिल्लू होतं. संख्या वाढते आहे, त्याच वर्षी त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं. ही वाढ परमिटच्या पैशांवर आणि या कटकटीच्या नियमांवरच झाली आहे.

सुरक्षिततेचं कारण दुय्यम आहे, पण आहे. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ रुपेरी झालेला प्रौढ नर, दीडशे किलोंच्या पुढे. कधीकधी तो छाती बडवून दोन पावलं धावून येतो. नव्वद टक्के नाटकच असतं, पण त्या वेळी पळायचं नाही, ओरडायचं नाही, हळूच खाली बसून नजर वळवायची. मोठ्या माणसांना हे जड जातं. आठ-दहा वर्षांचं मूल पळणारच, आणि पळणाऱ्याच्या मागे धावणं हा नराचा स्वभाव. त्यात चालणंही सोपं नाही. एक तासात गोरिला दिसले असे दिवस असतात, तसे सहा-सात तास चिखलात गेलेलेही असतात. आठ जणांच्या गटात एक मूल थकलं तर परत फिरायचं कुणी? सगळ्यांनी मिळून गोरिलांजवळचा एकच तास विकत घेतलेला असतो.

आता तुमचा बेत.

मुलाचा वाढदिवस ९ जून आणि तुमची तारीख २० मे. वीस दिवसांचाच प्रश्न आहे, आणि तो सुटतो. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तुमचं परमिट १० किंवा ११ जूनचं काढा. दहावीच्या वर्गाचा पहिला आठवडा बुडाला तर बुडाला. (क्लासवाल्यांनी मे महिन्यातच अर्धा अभ्यासक्रम संपवलेला असतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.) शिवाय हवामानाच्या दृष्टीने हे मेपेक्षा चांगलं. तिकडे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा मोसम असतो, जूनपासून कोरडे दिवस सुरू होतात. आपल्या उन्हाळी सुट्टीत तिकडे चिखल असतो, ही मराठी कुटुंबांची कायमची अडचण. नाताळची सुट्टी कोरड्या दिवसांत पडते, ती दुसरी पसंती ठेवा. जून ते सप्टेंबर मागणी जास्त असते, त्यामुळे परमिट चार-सहा महिने आधी घ्यायला हवं. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटतात. जागा संपल्या की संपल्या.

वाढदिवसाच्या दिवशीच, ९ तारखेला परमिट काढावं का? नियमात बसतं. पण एक दिवसाची तरी फट ठेवा. तारखेवरून सकाळी सात वाजता हुज्जत घालायची वेळ येऊ नये. आणि अर्ज भरताना वय न लिहिता जन्मतारीख लिहा, पासपोर्ट समोर ठेवून. पत्रिकेतली तारीख, घरी वाढदिवस करतो ती तिथी, जन्मदाखला यातलं काही तिथे चालत नाही. सासूबाईंच्या पासपोर्टवर कदाचित १ जून असेल. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनला लावून दिलाय. काही बिघडत नाही, त्यांना वरची मर्यादा नाही.

हो, वरच्या वयाला मर्यादा नाही. नात बाहेर आणि आजी आत, असा तुमच्या घरचा प्रकार होणार आहे. सासूबाईंचे गुडघे बरे असतील तर सकाळच्या माहितीसत्रात रेंजरला स्पष्ट सांगा की आम्हाला जवळचं गोरिला कुटुंब द्या. ते ऐकतात. प्रत्येकाने एक हमाल घ्यावा, पंधरा-वीस डॉलर लागतात. सामान थोडं असलं तरी घ्या, चढावर हात देणारा माणूस सोबत असतो आणि ते पैसे जंगलाशेजारच्या घरात जातात. अगदीच चालवत नसेल तर चौघा-आठ जणांनी खांद्यावर न्यायची खुर्ची मिळते, तिला तिकडे गमतीने ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. आमच्या एका सत्तरीच्या काकू तीत बसून गेल्या आणि जेजुरीच्या पालखीत बसल्यासारखं वाटलं म्हणाल्या.

धाकटीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. अकरा म्हणजे अकरा, ती कुठल्याच हिशेबात बसत नाही. किबालेत चिंपांझी पाहायलाही बाराच्या आतल्या मुलांना नेत नाहीत, त्यामुळे ‘गोरिला नाही तर चिंपांझी’ हाही पर्याय तिच्यासाठी बंद. एन्टेबेहून बुहोमापर्यंत नऊ-दहा तास गाडीत बसवून तिला लॉजवर सोडायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी येऊन तिच्यासमोर फोटो दाखवत बसायचं, हे मला बरोबर वाटत नाही. असं केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पुढचे तीन दिवस गाडीत कुणी बोलत नव्हतं.

मग दोन रस्ते. पहिला म्हणजे चार वर्षं थांबणं. तोवर मुलगा एकोणीसचा होईल, मुलगी पंधराची, तुम्ही दोघे अजून चालते असाल. सासूबाईंचं मात्र सांगता येत नाही, आणि परमिटचा दर खाली येत नाही. रवांडाने २०१७ मध्ये एका झटक्यात ७५० डॉलरचे १,५०० केले, युगांडात जुलै २०२४ पासून परदेशी पाहुण्याला ८०० आहेत. मुलांसाठी अर्धं तिकीट वगैरे भानगड नाही, पंधराचा असो की पन्नाशीचा, दर एकच.

दुसरा रस्ता मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता. परमिटं दोन दिवसांत वाटून घ्या. पहिल्या दिवशी बाबा आणि मुलगा, दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि सासूबाई. दोन्ही दिवस धाकटीजवळ आई किंवा बाबा असतील, आणि तिच्यासाठी त्या दोन दिवसांचा वेगळा कार्यक्रम असेल, उरलेला वेळ नव्हे. बुहोमात गावाची फेरी आहे, धबधब्यापर्यंतची जंगलवाट आहे (ती वाट तिच्या वयाला चालेल का हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या), बाट्वा लोकांबरोबरचा कार्यक्रम आहे. या जंगलातून ज्यांना उद्यान झाल्यावर बाहेर पडावं लागलं तेच हे लोक. अकरा वर्षांच्या मुलीला ती गोष्ट कळते आणि लक्षात राहते. परतीच्या वाटेवर क्वीन एलिझाबेथ उद्यानात काझिंगा जलमार्गातली बोटफेरी घ्या. पाणघोडे, हत्ती, मगरी, तेही बसल्या बसल्या. आणि एन्टेबेहून बोटीने न्गांबा बेटावर जा. तिथे अनाथ झालेली चिंपांझी सांभाळतात, उंच मचाणावरून त्यांचं जेवण पाहता येतं. सहलीतला शेवटचा मोठा दिवस तिचा असू द्या, भावाच्या बढायांवर उतारा म्हणून.

रवांडाला गेलात तर प्रवास बराच कमी, किगालीहून किनिगी अडीच-तीन तास. तिथे डायन फॉसी गोरिला फंडाचं नवं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं, त्यातलं प्रदर्शन मुलांसाठी खरंच चांगलं आहे. पण चार परमिटांचे युगांडात ३,२०० डॉलर आणि रवांडात ६,०००, हा फरक तुम्हीच पाहा.

एक गोष्ट घडू शकते म्हणून सांगून ठेवतो. बुहोमात गोरिला कधीकधी स्वतःच लॉजच्या आवारात येतात. तसं झालं आणि धाकटीला व्हरांड्यातून दिसले तर ते तिचं नशीब. पण तिला आधीच बजावून ठेवा की आत थांबायचं, जवळ जायचं नाही. आणि या आशेवर तिला नेऊ नका, तिला तसं सांगूही नका.

मुलाला एक वेगळं सांगा. पंधरा पूर्ण झाली तरी त्या सकाळी नाक गळत असेल, खोकला असेल, पोट बिघडलं असेल तर त्यालाही थांबवतील, आणि तुम्हालाही. वयाची अट ज्या कारणासाठी आहे तेच कारण. मुंबईच्या विमानतळावर, विमानातल्या एसीत सर्दी होते ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी परमिट घेऊ नका, मध्ये दोन-तीन दिवस ठेवा. सर्दीची गोळी घेऊन शिंका दाबून जाणारे लोक असतात. त्यांच्यातले होऊ नका.

आणि पिवळ्या तापाची लस. युगांडात शिरताना प्रमाणपत्र लागतं, धाकटीलाही, आणि लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते वैध धरलं जातं. परत भारतात उतरतानाही दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, वेळ आधी ठरवावी लागते. सासूबाईंचं मात्र सगळ्यात आधी पाहा. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, म्हणून परमिटचे पैसे भरण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि लस केंद्रातल्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारा.